नदी, समुद्र आणि आपण : वाचावीत अशी काही पुस्तके

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात सागरी शोधांचा पाठ शिकविताना आम्ही सहज विचारले, "तुमच्यापैकी समुद्र कोणी पाहिला आहे?" बेचाळीस मुलांच्या वर्गात सात हात वर आले. कोठे पाहिला, असे विचारल्यावर सातही जणांचे उत्तर एकच निघाले : चैत्यभूमीला. वडिलांच्या खांद्यावर बसून, ६ डिसेंबरच्या त्या अथांग गर्दीत, दादरच्या किनाऱ्यावर त्यांनी समुद्र पाहिला होता. त्यांच्या लेखी समुद्र म्हणजे बाबासाहेबांच्या पाठीमागे पसरलेले पाणी. उरलेल्या पस्तीस मुलांनी तेवढाही पाहिला नव्हता. पाणी म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहत होता तो टँकर आणि त्याच्यापुढची घागरींची रांग.

त्या दिवसापासून आम्ही शाळेच्या ग्रंथालयात पाण्यावरची पुस्तके निराळी लावण्यास आरंभ केला. नद्या, सागर, खलाशी, कोळी, धरणे, जे मिळेल ते. या स्मरणिकेच्या निमित्ताने संपादक मंडळाने 'वाचनीय पुस्तके' या विषयावर लिहावयास सांगितले, तेव्हा त्याच कपाटातील काही पुस्तकांची ओळख करून द्यावी असे आम्हांस वाटले. मात्र प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. समुद्रावरील उत्तम पुस्तकांच्या ज्या याद्या आपल्याला सर्वत्र आढळतात, त्यांत कप्तान असतो, वादळ असते, देवमासा असतो, नवी भूमी शोधण्याची ईर्षा असते. जहाजाच्या तळघरात कोण होते, वल्हे कोणाच्या हातात होते, आणि काठावरच्या माणसाला त्या पाण्याला हात लावण्याची मुभा होती की नव्हती, हे प्रश्न त्या याद्यांत क्वचितच उपस्थित होतात. आम्ही निवड करताना हेच प्रश्न समोर ठेवले आहेत. ज्या समाजाला १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाच्या वाचकाला पाण्याकडे केवळ निसर्गशोभा म्हणून पाहता येणार नाही.

समुद्राचीच गोष्ट घ्या. बौधायन धर्मसूत्रात पतित करणाऱ्या कृत्यांच्या यादीत समुद्रप्रवासाचा समावेश आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणाला बोलावू नये याची जी लांबलचक यादी आहे, तीत समुद्रावर जाणारा माणूसही आहे. पुढे 'कलिवर्ज्या'च्या नावाखाली हा निषेध अधिकच कडक झाला. एकोणिसाव्या शतकातही विलायतेहून परतलेल्या सुशिक्षितांना प्रायश्चित्त घ्यावे लागत असे. आता याच्या शेजारी पाली आणि बौद्ध संस्कृत वाङ्मय ठेवून पहा. तेथे समुद्र जागोजागी आहे. व्यापारी आहेत, फुटलेली तारवे आहेत, दिशा दाखविणारे कावळे आहेत. बावेरु जातकात आपले व्यापारी बाबिलोनला पक्षी विकावयास नेतात. सुप्पारक जातकातील मुख्य पात्र म्हणजे भरुकच्छ बंदरातला एक कसबी तांडेल. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेलेली आहे, तरीही व्यापारी त्यालाच जहाजावर नेतात, आणि अनोळखी समुद्रातून तोच त्यांना सुखरूप परत आणतो. महाजनक जातकात जहाज बुडाल्यावर किनारा दिसत नसताना सात दिवस पोहत राहिलेला राजपुत्र आहे. दुर्गाबाई भागवत यांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने जातककथांचे जे खंड मराठीत आणले, ते आमच्या कपाटात सर्वांत वरच्या फळीवर आहेत. एकदम सर्व खंड वाचावयाचा संकल्प करू नये, तो तडीस जात नाही. रोज रात्री एक कथा मुलांना वाचून दाखवावी.

परंतु आमची सर्वांत आवडती कथा जातकातील नाही, ती 'दिव्यावदान' या ग्रंथातील आहे. तिचा नायक पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळच्या सोपाऱ्याचा. मोठ्या व्यापाऱ्याच्या घरात दासीच्या पोटी जन्मलेला. बाप आजारी पडला असता पत्नी आणि मुलांनी पाठ फिरविली. सेवा केली ती या दासीने. पुढे वाटणीची वेळ आली तेव्हा, हा तर दासीपुत्र, याला हिस्सा कसला, असे भावांनी ठरविले. पूर्ण रिकाम्या हाताने बाहेर पडला, स्वतःच्या अकलेवर व्यापारी झाला आणि सहा वेळा समुद्रावर जाऊन आला. सातव्या सफरीत श्रावस्तीचे काही व्यापारी त्याच्या जहाजावर होते. रात्री आणि पहाटे ते काही तरी म्हणत. पूर्णला वाटले, ही गाणी आहेत. ती गाणी नव्हेत, बुद्धवचने आहेत, असे त्यांनी सांगितले. 'बुद्ध' हा शब्द त्याने प्रथम ऐकला तो असा, भर समुद्रात. परत येऊन त्याने प्रव्रज्या घेतली. पुढे त्याच्या भावाचे चंदनाने भरलेले जहाज संकटात सापडते आणि पूर्ण ते वाचवितो. त्या चंदनाचा विहार सोपाऱ्यात तथागतांसाठी बांधला जातो. अजिंठ्याच्या लेणी क्रमांक २ मध्ये या कथेचे चित्र असून त्यात शिडांचे जहाज स्पष्ट दिसते. शाळेची सहल अजिंठ्याला जाते तेव्हा मुले पद्मपाणी पाहून पुढे पळतात. पालकांना विनंती आहे, की क्रमांक २ मध्ये थांबावे आणि दासीपुत्राचे ते जहाज मुलांना बोट दाखवून दाखवावे. ज्याला घरात हिस्सा मिळाला नाही त्याला समुद्राने वाट दिली, हे त्यांना एका चित्रातून कळेल.

ही केवळ कथा आहे, इतिहास नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हीही तो घेतो. सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले आणि तेथेच सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला, ही झाली भौतिक साक्ष. लेखी साक्ष हवी असेल तर 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातले लहानसे पुस्तक वाचावे. लेखकाचे नाव अज्ञात आहे. तो ग्रीक भाषेत लिहिणारा, इजिप्तमधला व्यापारी असावा. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे आणि चौल आहे. आमच्या मुलांना खरे आश्चर्य वाटते ते पुढच्या मजकुराचे. पैठण आणि तेर ही दोन नावे त्यात आहेत. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून मोठ्या प्रमाणावर कापड गाड्यांवर लादून, बिकट रस्त्यांनी भडोच बंदराकडे जात असे, असे तो सांगतो. आज तेरमधील लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची जी लहानशी स्त्रीमूर्ती आहे, तिच्यासारखीच मूर्ती इटलीतील पाँपेई शहराच्या अवशेषांत सापडली आहे. धाराशिव जिल्ह्यातील मुलाला, ज्याने समुद्र पाहिलेला नाही, त्याच्या गावाजवळून दोन हजार वर्षांपूर्वी समुद्राकडे जाणारी वाट होती हे सांगता आले, तर भूगोलाचा एक तास सार्थकी लागतो.

यानंतर फाहियान. शालेय पुस्तकात तो दोन ओळींत येतो : गुप्तकाळात आलेला चिनी प्रवासी, एवढेच. त्याचा प्रवासवृत्तान्त मुळातून वाचणारे थोडे. जेम्स लेग याने १८८६ साली केलेले इंग्रजी भाषांतर सहज मिळते आणि ते फार मोठेही नाही. इसवी सन ३९९ मध्ये तो विनयाचे ग्रंथ शोधण्यासाठी चीनमधून पायी निघाला आणि परतला मात्र समुद्रमार्गे. ताम्रलिप्ती बंदरात दोन वर्षे राहून त्याने ग्रंथांच्या नकला केल्या, सिंहलद्वीपात आणखी दोन वर्षे घालविली, आणि दोनशेहून अधिक माणसे असलेल्या एका मोठ्या व्यापारी जहाजावर तो चढला. वादळ झाले, जहाजाला भोक पडले. दोरीने बांधलेल्या लहान नावेत व्यापारी उड्या मारू लागले, तेव्हा त्या नावेतल्यांनी दोरीच कापून टाकली. मग जड सामान समुद्रात फेकणे सुरू झाले. फाहियानने आपली सुरई आणि हातपाय धुण्याचे भांडे फेकले. त्याला भीती एकच होती, की व्यापारी आपले ग्रंथ आणि मूर्ती फेकून देतील. तेरा दिवस आणि तेरा रात्री वादळ चालले. ग्रंथ वाचले.

जावा बेटावरून तो दुसऱ्या जहाजाने निघाला आणि पुन्हा वादळ झाले. या प्रसंगाचा उल्लेख पाठ्यपुस्तकात नसतो, म्हणून येथे सविस्तर देतो. जहाजावरील ब्राह्मणांनी विचारविनिमय करून ठरविले, की हा श्रमण जहाजावर असल्यामुळेच आपल्यावर संकट आले आहे, तेव्हा याला एखाद्या बेटावर उतरवून द्यावे. एका माणसासाठी सर्वांनी का मरावे? त्यावेळी फाहियानचा एक आश्रयदाता पुढे झाला. याला उतरविणार असाल तर मलाही उतरवा, नाही तर ठार मारा, आणि तसे न करता याला उतरविलेत तर चीनमध्ये पोहोचताच राजाकडे तुमच्याविरुद्ध तक्रार करीन, असे तो म्हणाला. ब्राह्मणांचे धाडस झाले नाही. पुढे जहाज वाट चुकले, पिण्याचे पाणी संपत आले, स्वयंपाकाला खारे पाणी वापरून गोडे पाणी माणशी मोजून वाटण्याची वेळ आली. तरीही तो पोहोचला. या साऱ्या प्रसंगात फाहियानची भाषा अत्यंत शांत आहे. कोणाविषयी एक कटू शब्द नाही. आम्हांला हे साधले नसते, हे प्रांजळपणे सांगतो.

ग्रंथ बुडतील की काय, ही फाहियानची चिंता वाचताना आम्हांला दर वेळी १९१७ आठवते. १९१३ साली बाबासाहेब बोटीने न्यूयॉर्कला गेले. त्यानंतर लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे, १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. तो पहिल्या महायुद्धाचा काळ होता. त्यांचे सामान आणि ग्रंथ ज्या बोटीवर होते, ती बोट जर्मन पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. स्वतः ते दुसऱ्या बोटीने आले म्हणून वाचले. धनंजय कीर यांच्या चरित्रात ही हकिकत आहे. उपाशी राहून, एकेक पुस्तक वेचून जमविलेले ते ग्रंथ कोणते असतील, याची यादी आपल्याजवळ नाही. बाबासाहेबांच्या सागरी प्रवासावर, म्हणजे बोटीवरील दिवस, सहप्रवासी, तेथून लिहिलेली पत्रे यांवर, एक स्वतंत्र लहान पुस्तक कोणी तरी लिहावयास हवे असे आम्हांला फार वाटते.

स्वेच्छेने समुद्र ओलांडणाऱ्यांची ही पुस्तके झाली. आता बेड्या घालून समुद्रापार नेलेल्यांकडे वळू. ओलौदा इक्विआनो याचे आत्मकथन १७८९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. आफ्रिकेतून पळवून नेलेला मुलगा गुलामांच्या जहाजावर आणला जातो. तळघरातील कोंदट हवा, आजारी माणसांचे विव्हळणे, संधी मिळताच समुद्रात उडी घेणारे बंदिवान हे सर्व त्याने लिहिले आहे. एक लहान प्रसंग आम्ही विसरू शकत नाही. खलाशांनी पुष्कळ मासे पकडले, पोटभर खाल्ले आणि उरलेले, भुकेल्या बंदिवानांनी हात जोडून मागितले तरी, त्यांना न देता परत समुद्रात फेकून दिले. उरलेले फेकावयाचे पण द्यावयाचे नाही, ही वृत्ती आपल्या गावगाड्यातील माणसाला नव्याने समजावून सांगावी लागत नाही. हाच मुलगा पुढे खलाशी झाला, लिहावयास शिकला, किरकोळ व्यापार करून पैसे साठविले आणि १७६६ साली चाळीस पौंड भरून त्याने स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले. त्याचा जन्म खरोखर आफ्रिकेत झाला की अमेरिकेतील कॅरोलिनात, याविषयी काही कागदपत्रांच्या आधारे अभ्यासकांत वाद आहे. वाचकाने तो वाद माहीत करून घ्यावा. त्याने पुस्तकाचे मोल कमी होत नाही. जोडीला मार्कस रेडिकर यांचे 'द स्लेव्ह शिप' (२००७) वाचावे. अटलांटिकपार सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांवर चढविली गेली आणि त्यांपैकी सुमारे अठरा लाख किनारा न पाहताच मेली. या आकड्यांमागचे जहाज प्रत्यक्ष कसे चालत असे, हे रेडिकर दाखवितात. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. त्या अर्पणपत्रिकेचा अर्थ ही दोन पुस्तके वाचल्यावर पूर्ण उमगतो.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली आणि त्याच वर्षी मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास प्रारंभ झाला. हेच गिरमिटिये. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषकही होते. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये आहेत. अमिताव घोष यांची 'सी ऑफ पॉपीज' (२००८) ही कादंबरी अशाच एका जहाजाची आहे. चितेवरून ओढून काढलेली उच्चवर्णीय विधवा दीती आणि तिला वाचविणारा, चर्मकार जातीत जन्मलेला गाडीवान कलुआ हे दोघे तीत पतिपत्नी म्हणून जहाजावर चढतात. जहाजावर जात सुटते का? घोष थोडे आशावादी आहेत. आमचे मत असे, की जात जहाजात थोडी सैल होते आणि किनाऱ्यावर उतरल्यावर पुन्हा घट्ट होण्याची वाट पाहत बसते. तरीही, एका पंक्तीत जेवणारी आणि एकमेकांना 'जहाजभाई' म्हणणारी ती माणसे पाहून मन भरून येते.

सर्वमान्य पुस्तकांविषयी थोडक्यात. हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादातून मराठीत आली आहे. ती नववी-दहावीच्या मुलांना द्यावी, एका बैठकीत संपते. थोर हेयरडाल याचे 'कॉन-टिकी' मुलांना विलक्षण आवडते. १९४७ साली सहा माणसे लाकडी ओंडक्यांच्या तराफ्यावरून १०१ दिवसांत पेरूहून पॉलिनेशियाच्या बेटांवर पोहोचली. साहस खरे आहे. परंतु त्यामागची उपपत्ती, म्हणजे ती बेटे अमेरिकेतून आलेल्या लोकांनी वसविली ही, संशोधकांनी मान्य केलेली नाही. तेथील लोक पश्चिमेकडून, आशियाच्या दिशेने, स्वतःच्या नौकानयनाच्या ज्ञानावर आलेले आहेत. काळ्यासावळ्या माणसाला तारे पाहून समुद्र ओलांडता येतो हे मान्य करणे काहींना जड जाते, एवढेच. रेचल कार्सन यांचे 'द सी अराउंड अस' (१९५१) विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी. त्यातील काही माहिती जुनी झाली आहे, भाषा झालेली नाही. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' (१९५६) वाचताना मात्र सावध असावे. नवरा समुद्रावर असताना बायको पतिव्रता राहिली तरच तो सुखरूप परततो, या समजुतीभोवती कथा फिरते. कोळीवाड्याचे चित्रण अस्सल आहे, पण समुद्राच्या लाटांचा भार स्त्रीच्या शीलावर टाकणारी ती समजूत मुलींबरोबर चर्चा केल्याशिवाय सोडू नये.

आता नद्या. बौद्धांच्या घरी नदीची पहिली गोष्ट रोहिणीची असते. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून तंटा, युद्धाचा ठराव, त्याला सिद्धार्थाचा विरोध आणि त्यातून स्वीकारलेला गृहत्याग. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हे कारण स्पष्टपणे मांडले. म्हातारा, रोगी आणि प्रेत प्रथमच पाहून एकोणतीस वर्षांचा माणूस घर सोडतो, ही कथा त्यांच्या बुद्धीला पटली नाही. धर्मानंद कोसंबी यांनीही मराठीत ही दिशा दाखविली होती. अट्ठकथेत याच तंट्याचा आणखी एक प्रसंग आहे. सैन्ये समोरासमोर उभी असताना तथागत विचारतात, पाण्याचे मोल अधिक की माणसांचे? आंतरराज्यीय पाणीवाटपाच्या बातम्या वाचताना हा प्रश्न आजही शिळा वाटत नाही.

नदीवरील कादंबऱ्यांत मात्र आम्ही एकाच पुस्तकाचा आग्रह धरणार आहोत. अद्वैत मल्लवर्मन यांची 'तिताश एकटि नदीर नाम' ही बंगाली कादंबरी. कल्पना बर्धन यांच्या इंग्रजी अनुवादातून (१९९२) आम्ही ती वाचली. अद्वैत हे १९१४ साली, आज बांगलादेशात असलेल्या ब्राह्मणबाडिया भागात, तिताश नदीकाठच्या मालो या मासेमार जातीत जन्मले. लहानपणीच पोरके झाले. वस्तीतील मालोंनी वर्गणी करून त्यांना शिकविले. कलकत्त्यास जाऊन ते पत्रकार झाले. कादंबरीचा काही भाग मासिकातून प्रसिद्ध झाला, मग हस्तलिखितच हरवले. त्यांनी ती पुन्हा लिहून काढली. १९५१ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले. पुस्तक छापलेले त्यांनी पाहिले नाही, ते १९५६ मध्ये आले. १९७३ मध्ये ऋत्विक घटक यांनी त्यावर चित्रपट केला.

किशोर हा तरुण मासेमार दूरच्या गावी लग्न करतो. परतताना रात्री नावेतून त्याची पत्नी पळविली जाते आणि त्याला वेड लागते. काही वर्षांनी तीच स्त्री, अनंत नावाच्या मुलासह, नवरा कोण हे न जाणता त्याच्याच गावात येऊन राहते. ही कथा झाली, पण पुस्तकाचा खरा गाभा तिताश नदी आणि मालो लोकांचे जीवन हा आहे. पौर्णिमेच्या रात्रीची जाळी, एकमेकांच्या घरची गाणी, विधवा बासंतीचा करारीपणा. शेवटच्या भागात नदी गाळाने भरत जाते, चर वर येतो, जमीन दांडगे लोक बळकावतात. त्याआधीच वरच्या जातींतील सावकार आणि त्यांनी आणलेल्या जात्रेच्या तमाशांनी मालोंची गाणी बंद पाडलेली असतात, वस्तीत फूट पडलेली असते. नदी आटण्यापूर्वी माणसे एकमेकांपासून आटतात, हे लेखकाने ज्या बारकाईने दाखविले आहे तसे आम्ही अन्यत्र वाचले नाही. अनंत शिकावयास शहरात जातो. तो शिकून परतला तर काय करील, हा प्रश्न पुस्तक संपल्यावर आपल्या वसतिगृहातील प्रत्येकाला स्वतःविषयी पडल्यावाचून राहणार नाही. वर्गणी काढून शिकविलेले आपण सारेच आहोत. मानिक बंद्योपाध्याय यांची 'पद्मा नदीर माझी' (१९३६) अधिक प्रसिद्ध आहे आणि मोठी कलाकृतीही आहे. परंतु तेथे लेखक काठावर उभा राहून पाहतो. तिताशचा लेखक जाळ्यातून बाहेर आलेला आहे.

बंगालविषयी आपले एक ऋण आहे. १९४६ साली बाबासाहेब संविधान सभेवर प्रथम निवडून गेले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि नामशूद्र समाजाच्या पाठिंब्याने. फाळणीनंतर त्याच समाजातील निर्वासितांना दंडकारण्यात पाठविण्यात आले. १९७८ मध्ये त्यांतील हजारो लोक सुंदरबनातील मरीचझांपी बेटावर येऊन वसले. जानेवारी १९७९ मध्ये सरकारने बेटाची नाकेबंदी केली. चहूबाजूंनी खारे पाणी, आणि अन्न व पिण्याचे पाणी आणणे अशक्य. मे महिन्यात बळाने बेट रिकामे केले गेले. मृतांचा आकडा आजही वादाचा आहे. अमिताव घोष यांच्या 'द हंग्री टाइड' (२००४) या कादंबरीत हा इतिहास एका वृद्ध शिक्षकाच्या वहीतून उलगडतो. वाघांसाठी राखलेल्या जंगलात माणसाला जागा नाही, हे ऐकून कुसुम जे विचारते ते वाचून आम्ही पुस्तक मिटवून बराच वेळ बसून राहिलो होतो.

शेवटी धरणे, कारण आपल्या मुलखात नदी भेटते ती बहुधा धरण म्हणूनच. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना बाबासाहेबांकडे श्रमखात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. १९४३ च्या दामोदरच्या पुरानंतर त्या खोऱ्याची बहुउद्देशीय योजना, १९४५ मध्ये कटक येथे ओरिसातील नद्यांविषयीची परिषद, केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोगाची स्थापना या साऱ्यांत त्यांचा वाटा आहे. पाणी अधिक आहे म्हणून रडू नका, माणसाला पाण्याच्या अभावाने अधिक सोसावे लागते, अशा आशयाची मांडणी त्यांनी कटकला केली होती. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणांच्या दहाव्या खंडात हा सर्व मजकूर आहे. सुखदेव थोरात यांचे आर्थिक नियोजन आणि जल-वीज धोरणातील आंबेडकरांच्या भूमिकेवरील इंग्रजी पुस्तक त्याची उत्तम संगती लावून देते. आपल्या घराघरांत बाबासाहेबांची तसबीर आहे, पण हा खंड फार थोड्या घरांत आहे.

तथापि याच्या शेजारी विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' ठेवावी. धरणग्रस्तांच्या या कादंबरीस १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकट्या हिराकुड धरणामुळे एक लाखाहून अधिक माणसे उठली. अशा उठलेल्यांत आदिवासी आणि आपली माणसे किती असतात, हे सांगावयास नको. पाणी सर्वांचे व्हावे या हेतूने आखलेल्या योजना प्रत्यक्षात आल्या तेव्हा किंमत कोणी मोजली? हा प्रश्न विचारल्याने बाबासाहेबांचा अवमान होतो असे आम्ही मानत नाही. दया पवार यांनी धरण बांधणाऱ्या बाईवर लिहिलेल्या गीतात तोच प्रश्न आहे आणि ते गीत आपण जयंतीला माइकवरून म्हणतो.

लहान मुलांसाठी कोठून आरंभ करावा, असे पालक विचारतात. आमचे उत्तर ठरलेले आहे. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथनपर टिपण, ज्याचे मराठी अनुवादही मिळतात. त्यातील पहिलाच प्रसंग १९०१ सालचा आहे. नऊ-दहा वर्षांचा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटावयास गोरेगावला निघाला आहे. डब्यात जेवण आहे, पण वाटेत पाणी देणारा कोणी नाही. जकात नाक्यावरचा माणूसही, वर टेकडीवर आहे तिकडे जाऊन आणा, म्हणून सांगतो. पाणी नाही म्हणून जेवण तसेच ठेवून मुले झोपतात. पाचवीच्या वर्गात हे वाचले की मुले काही वेळ बोलत नाहीत. मग कोणी तरी विचारतो, "सर, मग सकाळी त्यांना पाणी मिळालं का?" पुस्तक वाचावयास देण्याची तीच वेळ असते.

एक विनंती माजी विद्यार्थ्यांना. आपल्यापैकी काही जण आज व्यापारी जहाजांवर आहेत, काही नौदलात, काही उरणजवळच्या बंदरात काम करतात. समुद्रावर सहा-सहा महिने राहणाऱ्या आपल्या माणसाने लिहिलेले एकही पुस्तक आमच्या कपाटात नाही. जहाजावरील पहिली रात्र, तेथील जेवणाची पंगत, नाव सांगितल्यावर आडनाव विचारणारा सहकारी, परदेशी बंदरात भेटलेले विहार, जे आठवेल ते साध्या वहीत लिहून पाठवावे. शुद्धलेखन आम्ही पाहून घेऊ. खालच्या फळीवर डावीकडे जागा मोकळी ठेवली आहे.